‘आत्म्याने दीन’ म्हणजे नम्र की कंगाल?

प्रश्न असा आहे: मराठी बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात (५:३) ‘आत्म्याने दीन’ असलेल्यांना धन्य म्हटलंय, लूकमध्ये (६:२०) नुसतं ‘दीन’. दोन्हीकडे अर्थ ‘नम्र’ असाच घ्यायचा का? नसेल, तर सरळ ‘गरीब’ का लिहीत नाहीत?

लूकपुरतं तरी ‘नम्र’ बाद. तिथे चारच वचनं खाली (६:२४) येशू श्रीमंतांना खडसावतो. जोडीला श्रीमंत उभे केल्यावर ‘दीन’ कोण, हे वेगळं सांगायला नको.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘प्तोखोस’. अंग चोरून, दबून बसणं अशा अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं सांगतात. ग्रीकमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘पेनेस’, म्हणजे हातावर पोट असलेला. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘प्लूटस’ नाटकात (इ.स.पू. ३८८) खुद्द गरिबीच रंगमंचावर येऊन हा फरक सांगते: प्तोखोसकडे काहीच नसतं, पेनेस काटकसर करतो, राबतो, त्याच्याकडे उरत काही नाही पण अडतही नाही. आपल्याकडे पहिला कंगाल, दुसरा गरीब.

लूकच्याच २१व्या अध्यायात मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणारी विधवा आहे. निवेदक तिची ओळख करून देतो तेव्हा ‘पेनेस’च्या घराण्यातलं विशेषण वापरतो. लगेच पुढच्या वचनात येशू बोलतो, तेव्हा ती ‘प्तोखे’ होते. मध्ये घडलंय एवढंच, की होती नव्हती ती उपजीविका तिने पेटीत टाकली आहे. हा बदल लूकने मुद्दाम केला असावा असं मला वाटतं; सहज झाला असेल तरी फार नेमका झालाय.

येशूचं घरही काही खात्यापित्या लोकांचं नव्हतं. बाळंतपणानंतरच्या अर्पणाला कोकरू लागे. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालत. मरीयेने पाखरंच दिली (लूक २:२४). आणि प्रेषित पौल ख्रिस्ताबद्दल ‘तो तुमच्यासाठी दरिद्री झाला’ असं लिहितो (२ करिंथ ८:९), ते क्रियापद याच ‘प्तोखोस’वरून केलेलं आहे.

आता आपला ‘दीन’. शब्द चुकीचा नाही, पण दीनानाथ, दीनदयाळ म्हणून म्हणून त्याला देवघराचा वास लागलाय. चिरेबंदी वाड्यात राहणाराही देवापुढे ‘मी दीन’ म्हणतो आणि कुणाला खटकत नाही. पोटाची गोष्ट मनाची होऊन बसते ती इथे. ‘गरीब’नेही सुटका नाही. अरबीत त्याचा अर्थ परका, मराठीत येऊन तो निर्धन झाला आणि वर ‘गरीब गाय’ही झाला. ‘आत्म्याने गरीब’ लिहिलंत तर वाचणारा स्वभावच समजेल.

अर्थात मत्तयने ‘आत्म्याने’ जोडून धार बोथट केली, हा आरोप मला अर्धाच पटतो. हिब्रूत ‘आनी’ (पिचलेला) आणि ‘आनाव’ (नम्र) हे एकाच धातूचे मानले जातात. दाबला गेलेला आणि म्हणून देवाशिवाय कुणी नसलेला माणूस तिथे एकच आहे. नम्रता शिल्लक ठेवून दाबलं जाणं गाळायचं, हे नंतरच्या प्रवचनकारांचं काम.

म्हणूनच १९६८ साली कोलंबियात मेदेयिनला लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले, तेव्हा त्यांनी आधी शब्दाची फोड केली. वस्तूंचा अभाव ही गरिबी वाईटच, ती देवाची इच्छा नव्हे. देवासमोर मोकळ्या मनाने उभं राहणं ही आत्मिक गरिबी. आणि गरिबांच्या बाजूने उभं राहून आपणहून पत्करलेली ती तिसरी. लिमाचे पाद्री गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या ‘मुक्तिदायी ईश्वरविद्या’ या पुस्तकात (१९७१) हीच फोड आहे. दुसरी गरिबी दाखवून पहिलीचं समर्थन करण्याची सोय तिने बंद केली. मत्तय २५मधलं भुकेल्याला दिलं ते मला दिलं हे वाक्यही मग दानधर्माच्या उपदेशापुरतं उरत नाही.

तेव्हा माझं मत: मत्तयमध्ये ‘दीन’ राहू द्या, लूकमध्ये ‘कंगाल’ लिहा. कानाला टोचेल, पण मूळही टोचणारंच आहे.

जाता जाता, हिब्रूतला ‘दल’ (दुबळा, गरीब) आणि आपला ‘दलित’ यांचं मूळ एक असल्याचं अधूनमधून छापून येतं. ते खरं नाही. ‘दलित’ संस्कृत ‘दल्’वरून, म्हणजे फुटणं, चिरणं, हिब्रू शब्दात खाली लोंबण्याचा भाव आहे. नाद जुळतो, इतकंच. ईश्वरविद्येचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या व्याख्यानात ज्या विचाराची सुरुवात केली, त्याला पुढे ‘दलित ईश्वरविद्या’ हे नाव मिळालं. त्यातला ‘दलित’ हिब्रूतून आलेला नाही, इथल्या चळवळीतून गेलेला आहे.