जिमला जाताना बाइंडर घालायचा की नाही?

प्रश्न : मी २४ वर्षांचा ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण मी पुरुष आहे. नाशिकला आई-वडिलांसोबत राहतो. हॉर्मोन (टेस्टोस्टेरॉन) अजून सुरू केलेले नाहीत. पहाटे साडेपाचला बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसण्यासाठीचा घट्ट बनियन, चढवतो. सहा ते साडेसात जिम, मग अंघोळ करून पुन्हा तोच बाइंडर, दहा ते सात ऑफिस. काढतो ते रात्री नऊला. जास्त सपाट दिसावं म्हणून एक साइज लहान घेतलाय. गेल्या आठवड्यात स्क्वॅट मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या काखेखाली एकाच जागी दुखतं, खोकलं की कळ येते. छातीखालच्या घडीत लाल पुरळ उठलंय. नेटवर सगळे सांगतात, बाइंडर घालून व्यायाम करूच नका. पण त्याशिवाय मी जिमची पायरी चढणार नाही. ट्रेनरला यातलं काही माहीत नाही आणि कळू द्यायचंही नाही. आणखी एक, बेंच प्रेस जास्त मारला तर छाती कमी होते का?

उत्तर :

मित्रा,

आधी काखेखालच्या दुखण्याचं बघू. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, खोकल्यावर कळ, याचा अर्थ बहुधा बरगडी, बरगड्यांमधला स्नायू किंवा पुढचा कुर्चेचा (मऊ हाडाचा) सांधा दुखावलाय. बारीक चीरही असू शकते आणि ती एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून दुखणं पूर्ण थांबेपर्यंत बाइंडर कपाटात. पेनकिलर घेऊन वर बाइंडर चढवणं तर अजिबात नको. दुखणं दबतं, बरगडीवरचा ताण तसाच राहतो. या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखव. त्यांना सगळी कहाणी सांगायची गरज नाही, पण "रोज पंधरा तास छातीवर खूप घट्ट कपडा असतो" एवढं सांगायलाच हवं, नाहीतर ते जिममधल्या वजनांनाच दोष देऊन मोकळे होतील. चीर असेल तर भरायला साधारण सहा आठवडे धर. अचानक छातीत तीक्ष्ण दुखून धाप लागली आणि बसूनही ती कमी होईना, तर डॉक्टरची वेळ घेत बसू नकोस. १०८ ला फोन कर किंवा सरळ कॅज्युअल्टी गाठ.

आता मूळ प्रश्न. नेटवरचा सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. व्यायामात तुला छाती हलायला नको असते. सपाट दिसायला हवी असते ती ऑफिसात, चारचौघांत, फोटोत. हलू न देण्यासाठी जेवढा दाब लागतो तो सपाट करण्याच्या दाबापेक्षा बराच कमी असतो. तू एकाच कपड्याकडून दोन्ही कामं करून घेतोयस, तेही लहान साइजमध्ये.

बसल्या जागी माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला १२ ते २० वेळा. जोरात व्यायाम करताना तीच हवा दोन लिटरच्या वर जाते आणि श्वास मिनिटाला चाळीसच्या पुढे. एवढी हवा आत यायची तर बादलीची कडी उचलावी तशा खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंनी वर यायला लागतात. बाइंडर नेमका तिथेच आवळतो. मग श्वास वरच्या वर होतो, मान आणि खांद्यांचे स्नायू त्यात राबतात, दिवसअखेर तेही दुखतात. स्क्वॅटमध्ये खाली जाताना आपण श्वास रोखतो, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. वर आल्यावर श्वास सोडला की क्षणभर रक्तदाब पडतो. मोकळ्या छातीचा माणूस दोन मोठे श्वास घेऊन सावरतो. तुला ते घेताच आले नाहीत. त्यात पहाटे उपाशीपोटी गेला असशील तर अंधारी येणारच.

जिमसाठी वेगळा कपडा घे. पहिली पसंती हाय-सपोर्ट स्पोर्ट्स ब्रा. काळी, साधी, मागे रेसरबॅक (पट्टे पाठीवर मधे जुळणारे), आतून पॅड काढता येणारी, आणि कप वेगवेगळे नसून सलग पुढा असलेली, कारण सलग पुढा आकार दडवतो, वेगळे कप उठून दिसतात. पुढून चेन असेल तर घामात काढायला सोपं जातं. दुकानात बायकांच्या विभागात उभं राहणं नको वाटत असेल तर ऑनलाइन मागव, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर घे. खालच्या पट्ट्यात दोन बोटं सहज शिरली पाहिजेत आणि काढल्यावर अर्ध्या तासात वळ गेले पाहिजेत. दोन ब्रा एकावर एक घालायची शक्कल बरेच जण लढवतात. ती सोड. दोन्हीचा दाब मिळून पुन्हा बाइंडरच होतो. दुसरा पर्याय, एक साइज मोठा किंवा वापरून सैल झालेला बाइंडर. तो आखूड, बरगड्यांपाशी संपणारा असावा. पोटापर्यंतचा लांब बाइंडर वाकताना गुंडाळला जातो आणि त्याची वळी बरोबर खालच्या बरगड्यांवर बसते.

वरचा टी-शर्ट निम्मं काम करतो, याकडे कुणी लक्ष देत नाही. अंगाला चिकटणारा ड्राय-फिट नको. गडद रंगाचा, जाडसर कापडाचा, खांदा खाली उतरलेला सैल टी-शर्ट घे. छातीवर मोठं प्रिंट असेल तर उत्तमच. आरशासमोर जंपिंग जॅक मारून बघ, बाजूनेही बघ. जे दिसेल ते जिममधल्या माणसांना दिसणार. आणि खरं सांगायचं तर सकाळी सहाला जिममध्ये जो तो स्वतःचेच दंड बघत असतो.

कपडा आल्यावर एक चाचणी कर. शिंप्याची टेप घेऊन अंगावर काही घट्ट नसताना छातीच्या मधोमध मोज, एकदा श्वास पूर्ण सोडून, एकदा पूर्ण भरून. समज फरक पाच सेंटिमीटर आला. मग जिमचा कपडा घालून तेच कर. फरक तीनच्या खाली आला तर तो कपडा व्यायामाचा नाही. हा आमचा ठोकताळा आहे, वैद्यकीय मर्यादा नव्हे, पण चुकतो तो सावधगिरीच्या बाजूला. दुसरी चाचणी जिममध्ये : ट्रेडमिलवर भरभर चालताना एक लांब वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे.

व्यायामांपैकी धावणं, दोरीच्या उड्या, बर्पी हे सगळ्यात कठीण, कारण त्यात श्वासही जास्त लागतो आणि छातीही जास्त हलते. त्याऐवजी सायकल किंवा चढ लावून चालणं घे. स्क्वॅट आणि डेडलिफ्टमध्ये बरगडी बरी झाल्यावरही सुरुवातीला नेहमीच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांवरच थांब. वर येताना श्वास सोडायचा, दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं घ्यायची. हात डोक्यावर नेणाऱ्या व्यायामात काखेची कड काचते. कापड वर सरकलं की सेट थांबवून नीट कर. बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, श्वास पुरेना वाटलं, की सेट पूर्ण करायचा हट्ट नको. बाथरूममध्ये जाऊन कपडा काढ आणि बस. कपालभाती, भस्त्रिका वगैरे घरी, अंगावर काहीही घट्ट नसताना.

घामाने भिजलेला बाइंडर डोक्यातून काढताना दोन्ही हात वर अडकतात आणि माणूस घाबरतो. आधी खालची कड उलटी करून काखेपर्यंत गुंडाळ, मग एक हात आत ओढून बाहेर काढ, नंतर दुसरा, शेवटी डोकं.

तासांचा हिशेब मांडू. आत्ता तू साडेपंधरा तास आवळलेला असतोस. सर्वसाधारण सल्ला आठ तासांचा आहे. जिममध्ये सैल कपडा, घरी येऊन अंघोळ, दहापर्यंत अंगावर काहीच घट्ट नाही. ऑफिससाठी योग्य मापाचा बाइंडर दहाला, आणि सहाच्या सुमारास बाथरूममध्ये काढून बॅगेत. शेवटचा तास आणि घरापर्यंतचा रस्ता वर जाकीट किंवा उघडा शर्ट चालवून नेतो. घरी आल्यावर जमिनीवर पाठ टेकून झोप, तळवे खालच्या बरगड्यांवर ठेव आणि नाकाने दहा संथ श्वास घे, बरगड्या तळव्यांना बाजूला ढकलतील असे. मग दाराच्या चौकटीत कोपरं टेकवून छाती ताण, तीस सेकंद, तीन वेळा. रविवारी बाइंडर नाहीच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १,८०० जणांच्या एका पाहणीत ९७ टक्क्यांहून जास्त लोकांनी बाइंडिंगमुळे काही ना काही त्रास नोंदवला होता. आठवड्यात जितके जास्त दिवस बाइंडिंग, तितका त्रास जास्त, असं त्यात ठळकपणे दिसलं. विकतचे खास बाइंडरही त्रासातून सुटले नव्हते. म्हणजे महागडा घेतला की निर्धास्त, हे काही खरं नाही. क्रेप बँडेज आणि पॅकिंगची चिकटपट्टी मात्र कधीच नको. क्रेप बँडेज हालचालीगणिक आणखी आवळत जातं.

पुरळ घामामुळे आणि घासल्यामुळे आहे, बहुधा वर बुरशीही बसली असेल. अंघोळीनंतर घडी टॉवेलने टिपून कोरडी कर, पाच मिनिटं पंख्याखाली बस, मगच कपडे. साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा लाव, आणि पुरळ गेल्यावरही आठवडाभर चालू ठेव. मेडिकलवाला "सगळ्यावर चालतं" म्हणून तीन-चार औषधांचं मिश्र मलम पुढे करेल. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही. गोल कडा दिसल्या किंवा दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ. बाइंडर रोज गार पाण्यात हाताने धू, पिळू नको, सावलीत वाळव. पावसाळ्यात तो एका रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन लागतात. ओलसर बाइंडर घालणं म्हणजे पुरळाला आमंत्रण.

बाइंडरऐवजी किनेसिओ टेप (खेळाडू स्नायूंवर लावतात ती ताणली जाणारी कापडी पट्टी) लावणारेही बरेच आहेत आणि बरगड्यांना ती सोपी जाते. पण पुरळ पूर्ण जाईपर्यंत तिला हात लावू नकोस. नंतर आधी पोटावर छोटा तुकडा चोवीस तास ठेवून बघ. स्तनाग्रावर कापसाचं पॅड, मग पट्टी काखेकडे न्यायची. दोन्ही टोकं न ताणता चिकटवायची, नाहीतर तिथे फोड येतात. पाठीपर्यंत किंवा छातीभोवती गोल कधीच गुंडाळायची नाही. काढताना खोबरेल तेल चोळून पंधरा-वीस मिनिटं थांब.

ट्रेनरला फक्त "बरगडीला दुखापत झालीय, काही दिवस हलकं घेतो" सांग. ते खरंच आहे, पुढचे प्रश्नही येत नाहीत. पण जिममध्ये येणाऱ्या एखाद्या विश्वासू मित्राला माहीत असू दे. तू चक्कर येऊन पडलास तर आधी छातीवरचं सैल करायचं, हे कुणाला तरी ठाऊक हवं.

राहिला बेंच प्रेस. त्याने स्तनाची ऊती कमी होत नाही. स्नायू तिच्या मागे वाढतो. एकूण वजन उतरलं तर चरबी थोडी कमी होते, किती आणि कुठली ते आपल्या हातात नसतं. दिसण्यात फरक पाडतात ते पाठ आणि खांदे. रोइंग, लॅट पुलडाउन, लॅटरल रेज आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीन सेट, दहा ते बारा रेप्स. खांदे रुंद झाले की छाती त्या मानाने लहान दिसते, आणि लपवण्याच्या सवयीने आलेलं पोकही सरळ होतं. जिममध्ये कुणी "इंजेक्शन मारून देतो" म्हणालं तर बळी पडू नकोस. टेस्टोस्टेरॉन घ्यायचंच असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनतज्ज्ञाकडे), रक्ताच्या तपासण्या करून, त्यांनी ठरवलेल्या मात्रेत. त्यानेही छाती नाहीशी होणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

नवा बाइंडर मागवताना छातीचा सर्वांत रुंद घेर आणि खांद्यांची रुंदी मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताड. दोन साइजच्या मधे आलास तर मोठा घे. पण ऑर्डर बरगडीची कळ गेल्यावर दे.