घरच्या वाद्याला फ्रेट बसवताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही दिवसांत हाताने वाद्य बनवणाऱ्या वाचकांचे प्रश्न आले, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीवर अडलेले: फ्रेट, म्हणजे पडदे, नेमके कुठे बसवायचे. खोका कसाही झाला तरी वाद्य वाजतं, पण पडदा चुकला की प्रत्येक सूर चुकतो, म्हणून या वेळी सगळा कॉलम यालाच देतोय. खाली नट म्हणजे खुंट्यांकडची पट्टी जिच्यावर तार टेकते, ब्रिज म्हणजे खोक्यावरचा तिचा दुसरा टेकू, आणि स्केल म्हणजे या दोघांमधली तारेची लांबी.

प्रश्न : ६०० मिमी स्केलचं चार तारांचं वाद्य बनवतोय. एकाने सांगितलं की उरलेल्या लांबीला १८ ने भागत जायचं. तसं केलं तर बारावा फ्रेट २९७.८ मिमीवर आला, बरोबर मध्यावर आला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी १७.८१७ असा आकडा दिसला. यातलं खरं कुठलं?

१७.८१७. पण १८ वाला सल्ला कुणी हवेतून काढलेला नाहीये, तो फार जुना आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट (तारांचं जुनं युरोपीय वाद्य) वाजवायचे, त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात ल्यूटच्या पडद्यांसाठी हेच १८:१७ चं प्रमाण सांगितलंय. त्या काळी हा हिशोब हातानेच करायचा, १८ ने भागणं सोपं, आणि दुसरं म्हणजे तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, १८ ने आलेले पडदे थोडे नटकडे सरकलेले असल्यामुळे सूर थोडा उतरतो, त्यामुळे दोन्ही चुका बऱ्यापैकी एकमेकींना खाऊन टाकायच्या. आज कॅल्क्युलेटर हातात आहे आणि ब्रिज मागेपुढे करून ती चढ वेगळी काढता येते (खाली त्यावर प्रश्न आहेच), त्यामुळे फ्रेटच्या हिशोबात ती मिसळू नका.

आता १७.८१७ येतो कुठून ते बघा. तारेची लांबी अर्धी केली की सूर वरच्या सा वर जातो. मधे १२ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला लांबी एकाच प्रमाणात कमी व्हायला पाहिजे, म्हणजे असा आकडा हवा की त्याने १२ वेळा भागलं की बरोबर अर्धं उरेल. तो आकडा १.०५९४६३, दोनचं बारावं मूळ. याचाच दुसरा अर्थ असा की प्रत्येक फ्रेटला उरलेल्या लांबीतून साधारण ५.६१ टक्के कापले जातात, आणि उरलेली लांबी १७.८१७ ने भागली की हेच मिळतं. उरलेल्यातूनच कापत जातो म्हणून तर फ्रेट पुढे पुढे जवळ येत जातात.

तुमच्या ६०० मिमीसाठी, नटच्या कडेपासून मोजून: पहिला ३३.६८, मग ६५.४६, ९५.४६, १२३.७८, १५०.५१, १७५.७४, १९९.५५, २२२.०२, २४३.२४, २६३.२६, २८२.१६ आणि बारावा बरोबर ३००. लांबी वेगळी असेल तर याच आकड्यांना प्रमाणात गुणा, ५४० ला ०.९ ने, ६६० ला १.१ ने. स्प्रेडशीटमधे करायचं असेल तर फ्रेटचा नंबर भागिले १२ हा दोनचा घात काढा, स्केलला त्याने भागा आणि आलेलं स्केलमधून वजा करा, नटपासूनचं अंतर मिळालं.

प्रश्न : आकडे बरोबर आहेत, कंपासने एकेक अंतर घेऊन पुढे पुढे खुणा करत गेलो, तरी बारावा फ्रेट ३ मिमी अलीकडे पडला. कुठे चुकलं?

पुढे पुढे करत गेलात तिथेच चुकलं. माझ्या पहिल्या वाद्यालाही हेच झालं होतं आणि तेव्हा दोन दिवस मी आकड्यांनाच दोष देत बसलो होतो, आकडे बिचारे बरोबर होते. प्रत्येक खुणेवर कंपासचं टोक फक्त पाव मिमी अलीकडे पडलं, तेही दर वेळी एकाच बाजूला (आणि हात एकच असतो, त्यामुळे ते एकाच बाजूला पडतंच), तर बाराव्यापर्यंत ३ मिमी साचतात. ६०० च्या स्केलवर बाराव्या फ्रेटला ३ मिमी म्हणजे जवळजवळ १७ सेंट, एका अर्ध्या सुरात १०० सेंट असतात, म्हणजे कुणालाही ऐकू येईल इतकं.

म्हणून सगळी मापं एकाच ठिकाणाहून, नटच्या त्या कडेपासून जिथून तार फ्रेटबोर्डकडे निघते. लांब स्टीलची पट्टी एकदा टेपने घट्ट चिकटवा, शून्य नटवर, आणि मग पट्टी न हलवता सगळ्या बारा, पंधरा, वीस जितक्या असतील तितक्या खुणा एकाच बैठकीत करा. पेन्सिल नको, टोकदार कटर घ्या, पेन्सिलची रेघच अर्धा मिमी जाड होते आणि मग तिच्या कुठल्या कडेला करवत लावायची हा नवा प्रश्न. अशा पद्धतीने एखादी खूण पाव मिमी चुकली तरी तो एकच फ्रेट चुकतो, पुढच्यांना त्याची बाधा नाही.

करवत लावायच्या आधी दोन गोष्टी तपासा. बारावा बरोबर अर्ध्यावर आहे का, हे सगळेच बघतात. दुसरी फारसं कुणी बघत नाही: बाराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचं अंतर हे नटपासून सातव्यापर्यंतच्या अंतराच्या बरोबर निम्मं यायला पाहिजे, कारण बाराव्याच्या पुढे तीच मांडणी निम्म्या आकारात परत सुरू होते. ६०० ला सातवा १९९.५५ वर, एकोणिसावा ३९९.७७ वर, वजा ३०० केले की ९९.७७. जुळलं की निर्धास्त कापा.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. लाकडी खोक्याला काठी लावून तीन तारांचं वाद्य बनवलंय. मला बारा फ्रेट नको आहेत, फक्त सा रे ग म प ध नि सा वाजलं पाहिजे. करवत घरी वापरू देत नाहीत. कसं करू?

छान केलंस, आणि करवत लागतच नाही. नट ते ब्रिज ५४० मिमी ठेव, हा आकडा मी मुद्दाम सांगतोय कारण शुद्ध सुरांचे सगळे अपूर्णांक त्यात पूर्ण मिलिमीटरमधे बसतात, तुला कॅल्क्युलेटरही लागणार नाही. तार मोकळी म्हणजे सा. नटपासून लांबीच्या नवव्या भागावर रे, म्हणजे ६० मिमी. पाचव्या भागावर ग, १०८. चौथ्या भागावर म, १३५. तिसऱ्या भागावर प, १८०. दोन पंचमांशावर ध, २१६. सात पंधरांशावर नि, २५२. आणि अर्ध्यावर वरचा सा, २७०.

गिटारच्या हिशोबाने तुझा ग १११.४ वर आला असता, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त पुढे. चूक दोघांचीही नाही. गिटारला कुठल्याही सुरापासून सुरुवात करून वाजवायचं असतं म्हणून तिथे बाराही पायऱ्या सारख्या केल्यात आणि त्यात ग १४ सेंट चढा होतो. तुझा सा ठरलेला आहे, तर तू शुद्ध ग का सोडायचा? सा ची तार सोबत छेडून दोन्ही जागी ग वाजवून बघ, १०८ वाला कसा स्थिर लागतो ते तुझं तुलाच ऐकू येईल.

पडदे म्हणून आधी प्लॅस्टिकचे केबल टाय काठीभोवती आवळ, गाठीचा भाग मागे. ते सरकवता येतात, सतारीचे पडदे बांधलेले असतात ते याचसाठी. कानाला पटेपर्यंत सरकव, मग हवं तर त्या जागी एकाच जाडीच्या टूथपिक गोंदाने चिकटव. जाडी सारखी पाहिजे हं, मधला एक उंच झाला तर त्याच्या अलीकडे दाबलेली तार त्यालाच घासून झणझणते.

एकच अडचण सांगून ठेवतो. तारा सा-प-सा अशा लावल्यास तर रे चा पडदा प च्या तारेवर ध देतो, पण तो ध तुझ्या सा च्या तारेवरच्या ध पेक्षा २२ सेंट चढा असतो. पडदा सरळ आहे, दोन्ही तारांना एकाच वेळी खूश करू शकत नाही. म्हणून गाणं एकाच तारेवर वाजव आणि बाकीच्या दोन नुसत्या मोकळ्या वाजत राहू देत.

प्रश्न : फ्रेटचा नकाशा प्रिंट करून लाकडावर चिकटवला, खाचा कापल्या, आणि मग कळलं की प्रिंटरने ९७ टक्क्यांवर छापलाय. ६०० च्या स्केलला बारावा फ्रेट २९१ वर आहे. लाकूड फेकू का?

अजिबात फेकू नका! नकाशा सगळीकडून सारखाच आक्रसलाय, म्हणजे फ्रेटची आपापसातली प्रमाणं बरोबरच आहेत. तुमच्या हातात बिघडलेला ६०० चा नाही, बिनचूक ५८२ चा फ्रेटबोर्ड आहे. ब्रिज नटपासून ५८२ वर आणा, काम झालं. त्याच तारा त्याच सुराला लावल्या तर ताण साधारण ६ टक्क्यांनी कमी होईल, बोटांना उलट बरंच वाटेल. फक्त एवढं बघून घ्या की कागद दोन-तीन पानांचा जोडलेला असेल तर जोडावर चूक नाहीये, कारण ती चूक सारखी पसरत नाही, एका जागी बसते आणि ब्रिज सरकवून जात नाही. पुढच्या वेळी नकाशाच्या कडेला १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर पट्टी लावून मोजा.

याच गोष्टीचा एक फायदाही आहे. छोटं वाद्य करायचंय आणि घरात ६५० मिमीची गिटार आहे, तर तिच्या पाचव्या फ्रेटला नट समजा, तिथून पुढची मांडणी ४८७ मिमी स्केलची तयार आहे, एक कागदाची पट्टी ठेवून खुणा उतरवून घ्या.

प्रश्न : सगळे फ्रेट मिमीच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजून बसवलेत (स्केल ६००), तरी बाराव्यावर दाबलं की ट्यूनर १५ सेंट वर दाखवतो. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तर त्याहून जास्त. आकडेच चुकीचे आहेत का?

आकडे बरोबर आहेत, कृपा करून फ्रेट उपटू नका. हिशोब धरून चालतो की तार नुसती लांबीला लहान होते. प्रत्यक्षात तुम्ही ती खाली दाबता, ती ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो. तार जितकी उंच आणि जाड तितका जास्त चढतो, स्टीलला जास्त, नायलॉनला बराच कमी.

तुमच्याकडे दोन आजार एकत्र दिसतायत, आधी नट बघा. पहिल्या दोन फ्रेटला जास्त चढतंय याचा अर्थ नटच्या खाचा उथळ आहेत आणि तार तिथे फार उंच बसलीय. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा, कागद जेमतेम सरकेल एवढीच पाहिजे. तिथून दाभण जात असेल तर बारीक कानशीने खाच खोल करा, पण जपून, दोन घासे मारायचे आणि परत बघायचं, कारण जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागते आणि मग नटच बदलावा लागतो. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती ठेवा, तार फ्रेटबोर्डच्या कडेलाच टेकली पाहिजे, मागे कुठेतरी टेकली तर तुमचं शून्यच सरकलं आणि सगळे सूर बिघडले.

मग ब्रिज. बाराव्यावर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा वरचा सूर) काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर वर असेल तर ब्रिज नटपासून लांब न्या, खाली असेल तर जवळ आणा. ६०० च्या स्केलला ब्रिज १ मिमी मागे गेला की बाराव्याचा सूर जवळजवळ ३ सेंट उतरतो, म्हणजे १५ सेंटसाठी ५ मिमी लागले असते, पण नट नीट केल्यावर आणि तारांची एकूण उंची थोडी कमी केल्यावर बहुधा २-३ मिमीतच भागेल. दर वेळी ब्रिज हलवला की तार परत सुरात लावायची, नाहीतर तुम्ही भलतंच मोजत बसाल. जाड तारेला जास्त मागे जावं लागतं म्हणून ब्रिज थोडा तिरका येईल, तो तसाच यायला हवा. हे सगळं जमेपर्यंत ब्रिज चिकटवू नका, घरच्या वाद्याला तारांच्या दाबाने उभा राहणारा सुटा ब्रिज यासाठीच मला सगळ्यात आवडतो.

आणि तारा नव्या घाला. जुन्या गंजलेल्या तारेची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते, तिच्यावर ब्रिज कधीच जुळत नाही.

प्रश्न : नेक (वाद्याचा दांडा) नटकडे अरुंद आणि खोक्याकडे रुंद आहे. गुण्या कुठल्या कडेला लावायचा?

कुठल्याच नाही. दोन्ही कडा तिरक्या आहेत, एकीला धरून काटकोन काढलात तर सगळे फ्रेट तिरपे येतील. नेकच्या मधोमध रेघ मारा आणि काटकोन तिच्याशी धरा. त्याहून सोपं म्हणजे लाकूड चौकोनी असतानाच सगळ्या खाचा कापून घ्या, कडा नंतर निमुळत्या करा. आणि मोजलेलं माप खाचेच्या मध्यावर यायला पाहिजे, कडेवर नाही. करवतीची जाडी फ्रेटच्या खाली जी जीभ असते तिच्याएवढीच हवी, ती साधारण ०.६ मिमी असते. आधी टाकाऊ तुकड्यावर एक खाच कापून त्यात फ्रेट ठोकून बघा. सैल बसत असेल तर पातळ पात्याची करवत शोधा, गोंदावर भागवू नका.