पुढच्या आठवड्यात नांदेडच्या दवाखान्यात पाच वर्षांच्या मुलीला सलाईन लावायचे आहे. तिला आधी सांगावे का?

सांगावे, मात्र आठवडाभर आधी नव्हे, तर आदल्या संध्याकाळी, सुई नसलेली सिरिंज तिच्या हाती देऊन आणि बाहुलीला ‘सलाईन’ लावू देऊन. ब्रिटनमधील बालरुग्णालयात वरिष्ठ खेळतज्ज्ञ (खेळातून मुलांची उपचारांसाठी तयारी करून घेणारी व्यक्ती) म्हणून माझे रोजचे काम हेच आहे: मूल बाहुलीच्या हातावर चिकटपट्टी लावू लागले की त्याची धास्ती नेमकी कशाची आहे ते उघड होते, आणि पुष्कळदा ती टोचण्याची नसून सुई आतच राहील याची असते. म्हणून सुई काढून घेतात, राहते ती मऊ नळी, हे मुलीला दाखवावे. ‘दुखणारच नाही’ असे सांगू नये, आणि घरातील मोठ्यांनी ‘गप बस, नाहीतर सुई देतील’ हा धाक तर मुळीच घालू नये. टोचताना तिला मांडीवर बसवून साबणाचे फुगे फुंकू द्यावेत. तातडीच्या उपचारात मात्र एवढा अवधी नसतो, तेव्हा डॉक्टर सांगतील तसे तिला धरावे.