कुत्रा आणि मांजर एकाच घरात

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा देशी कुत्रा आहे. मुलीने नुकतेच मांजरीचे पिल्लू आणले असून ते दिसताच कुत्रा भुंकत मागे धावतो. काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण दोघांची भेट घाईने घडवलीत, असे दिसते. पिल्लाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे आणि एकाच्या अंथरुणाचे फडके दुसऱ्याजवळ ठेवावे, कारण या प्राण्यांची खरी ओळख नजरेने नव्हे, तर वासाने होते. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघे निवांतपणे जेवू लागले, की मगच कुत्र्याला पट्टा बांधून समोरासमोर आणावे. शेपटी हलते आहे एवढ्यावर विसंबू नये. अंग ताठ करून तो टक लावून पाहू लागला, तर त्याला शांतपणे दूर न्यावे. नजर वळवताच खाऊ द्यावा, ओरडू मात्र नये.

पळणारे मांजर पाहिले की कुत्र्याची पाठलागाची वृत्ती जागी होते, त्यामुळे पिल्लाला चढून बसता येईल अशी उंच फळी हवीच. नागपूरच्या मे महिन्यात सारे घर कूलरच्या एकाच खोलीत झोपते. तेव्हा रात्री दोघांना एकत्र कोंडण्याचा मोह टाळावा आणि वेगळ्या ठेवलेल्या प्राण्याच्या खोलीत पंखा व भरपूर पाणी असल्याची खात्री करावी. मांजराचे खाणे उंचावर ठेवावे. कुत्र्याचे खाद्य मांजराला कायमचे देऊ नये, कारण मांजराला आवश्यक असणारे टॉरिन हे पोषकद्रव्य त्यात पुरेसे असेलच असे नाही. दोघांचे रेबीजचे लसीकरण पशुवैद्यकांकडून वेळेवर करून घ्यावे.