मळ्यातलं घर राखायचं कसं? तुमचे प्रश्न

कापूस घरात येऊन पडला की मळ्यात राहणाऱ्यांची पत्रं वाढतात, आणि त्यातली निम्मी चोरांच्या भीतीची असतात. या वेळी तीच घेतलीत. कुऱ्हाड, फरशी, तलवार असल्या गोष्टींचे सल्ले इथे मिळणार नाहीत, का ते पहिल्याच उत्तरात सांगते.

प्रश्न : ताई, आमचं घर गावापासून दीड किलोमीटरवर मळ्यात आहे. मिस्टर ट्रकवर असतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेरच. घरात मी, सासूबाई आन दोन लेकरं. पुढच्या खोलीत कापूस भरलाय, भाव वाढेल म्हणून थांबलोय. शेजारच्या मळ्यातून मोटरची केबल आन दोन शेळ्या गेल्या तेव्हापासून झोप नाही. जेठ म्हणतात रात्री कंपाउंडच्या तारेत करंट सोडून देऊ, नाहीतर उशाशी कुऱ्हाड ठेव. मला दोन्हीची भीती वाटते. काय करू?
— एक वाचक भगिनी, पारोळा तालुका

उत्तर : ताई, तुमची भीती एकदम बरोबर आहे आणि जेठांना हे उत्तर वाचून दाखवा. तारेत लाईनचा करंट सोडायचा नाही म्हणजे नाही. रात्री थ्री फेज आली की शेजारचा माणूस मोटर चालू करायला तुमच्याच बांधावरून जातो, पहाटे सासूबाई बाहेर उठतात, लेकरं उठतात, वासरू सुटतं, आणि स्विच बंद करायचं एक दिवस राहून जातं. त्या तारेला चिकटून कोणी गेलं, मग तो चोर का असेना, तर घरच्या माणसावर सदोष मनुष्यवधाची केस होऊ शकते, वीज कंपनीची कारवाई वेगळीच. काही जण म्हणतील की झटका मशीन तर सगळेच लावतात. ते वेगळं आहे, बॅटरीवर किंवा सोलरवर चालतं, क्षणभर झटका देऊन थांबतं आणि रानडुकरं, नीलगायींपासून पीक वाचवायला असतं. ते शेताच्या कडेला, पाटी लावून, चांगल्या कंपनीचं घेऊन लावा. त्याच्या तारेला घरातली लाईन जोडायचा जुगाड कोणी सुचवला तर त्याला परत पाठवा.

कुऱ्हाडीचं म्हणाल तर झोपेतून उठलेली एकटी बाई आणि समोर तीन-चार जण, कुऱ्हाड कोणाच्या हातात जाईल ते तुम्हीच बघा. तुम्ही त्यांच्याशी लढायचं नाहीये, त्यांना उशीर करायचाय आणि गाव जागं करायचंय. चोराला उशीर आणि गोंगाट या दोनच गोष्टी नको असतात.

आता दारापासून सुरू करू, कारण सगळे लाईट-कॅमेऱ्याच्या मागे लागतात आणि दार तसंच राहतं. आज दुपारी दाराच्या बाहेर उभ्या राहा आणि कडी-कोयंडा नीट बघा. कुलूप पाव किलोचं असतं पण कोयंडा चार बारीक स्क्रूवर, तेही बाहेरून दिसणारे, लाकूड जुनं झालेलं, म्हणजे कुलपाला हातही न लावता पहारीच्या एका झटक्यात कोयंडा स्क्रूसकट निघून येतो. सुताराकडून तिथे आरपार बोल्ट टाकून घ्या, गोल डोकं बाहेर, नट आणि मोठा वायसर आतून. बिजागरी बाहेरच्या बाजूला असेल तर तिचंही तेच. रात्री आतून नुसती कडी पुरत नाही, जुन्या घरांत असायचा तसा आडवा अडसर बसवा, भिंतीत दोन्ही बाजूंना लोखंडी हूक आणि त्यात सागाची किंवा बाभळीची जाड पट्टी. खर्च फार नाही आणि दार लाथेनं उघडत नाही. दुसरं म्हणजे दारांच्या बाहेरच्या कड्या. चोर आधी झोपलेल्या माणसांच्या खोलीला बाहेरून कडी घालतात आणि मग निवांत दुसरी खोली फोडतात. म्हणून झोपायच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाका किंवा ती सरकणार नाही असं रोज रात्री कडीच्या भोकात कुलूप अडकवून ठेवा.

मग अंगण बघा. पहार, टिकाव, सब्बल, शिडी हे सगळं आपण गोठ्याला टेकवून ठेवतो आणि चोर येताना रिकाम्या हाताने येतो, त्याला हत्यारं आपणच देतो. ती रात्री आत घ्या. घर धाब्याचं असेल तर शिडीचं फारच सांभाळा, वरून उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्याला लोखंडी जाळी बसवून घ्या. आणि उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे आत झोपवत नाही, सगळे गच्चीवर नाहीतर अंगणात बाजेवर, खाली घर उघडं टाकलेलं, त्या दिवसांत हमखास घरं साफ होतात. बाहेर झोपा पण आतल्या खोल्यांना कुलूप लावून किल्ली उशाखाली घ्या.

मळ्यात लाईटचा भरवसा नाही म्हणून सेन्सरवाले सोलर लाईट लावा, एक दारावर, एक गोठ्यावर, एक कापसाच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, हात पोचणार नाही इतके उंच. सतत जळणाऱ्या लाईटपेक्षा अचानक लागणारा लाईट जास्त दचकवतो, शिवाय तुम्हालाही आतून कळतं की काहीतरी हललं. घराच्या भोवती तीन-चार फूट रुंदीच्या पट्ट्यात जाड खडी टाका, चप्पल काढून चालला तरी वाजते आणि टोचते. फाटकाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधा, तीही आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून हात घालून धरता येत नाही.

कापसाबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. चोर पळवायला फटाके फोडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, देत असतात. कापूस भरलेल्या घरात फटाका, मशाल, रॉकेलचा कंदील काहीच नको. एक ठिणगी पडली तर चोरी परवडली म्हणाल अशी वेळ येईल आणि त्या घरात लेकरं झोपलेली आहेत. आवाजासाठी बॅटरीवरचा सायरन घ्या, बटण तुमच्या उशाशी. मळे लांब असले तरी रात्री त्याचा आवाज खूप दूर जातो. तो का वाजतो ते आजूबाजूच्या चार मळ्यांना आधीच सांगून ठेवा, आणि त्यांचा वाजला तर तुम्ही फोन करायचा हेही ठरवा.

आणि प्रत्यक्ष आवाज आलाच तर दार उघडायचं नाही. कोणी नाव घेऊन हाक मारली, बाहेर बाई रडतेय असं वाटलं, नळ चालू केल्यासारखा पाण्याचा आवाज आला, तरी नाही. आतला लाईट बंदच ठेवा, बाहेरचा लावा. सायरन दाबा, सासूबाईंना "कोन शे रे तठे?" असं मोठ्यानं ओरडू द्या, तुम्ही "भाऊ उठा, आप्पा उठा" म्हणून घरात पुरुष असल्यासारख्या हाका मारा. लगेच ११२ ला फोन. लेकरांनाही हा नंबर आणि घराचा पत्ता पाठ करून घ्या, नुसतं गावाचं नाव नको, कुठल्या रस्त्याने, कोणत्या मंदिरापासून किंवा पाण्याच्या टाकीपासून डावीकडे की उजवीकडे, कारण रानात पोलिसांची गाडी अंधारात चुकते आणि तिथेच वेळ जातो. मोबाईल रात्री ओट्यावरच्या बोर्डाला चार्जिंगला लावून झोपू नका, हाताशी घ्या. तरीही दार तुटलं तर सगळे एका आतल्या पक्क्या दाराच्या खोलीत जा, ती खोली आजच ठरवा, आणि जे नेतात ते नेऊ द्या. पाठलाग करायचा नाही. सोनं असेल तर ते मळ्यात नकोच, बँकेच्या लॉकरमध्ये टाका.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःचा जीव आणि मालमत्ता वाचवायचा हक्क दिलाय. रात्रीची घरफोडी कायद्यानेही गंभीर धरली आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची परवानगी कुठेच नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्कही तोकडा पडतो. पळणाऱ्या माणसाच्या डोक्यात पाठीमागून घातलेली काठी बचाव म्हणून टिकवणं अवघड जातं.

आणखी एक, मिस्टर कधी निघाले, कधी येणार हे स्टेटसवर टाकू नका आणि दुकानावरही बोलू नका.

प्रश्न : आमच्या गावात चोऱ्या वाढल्या म्हणून आम्ही पोरं रात्री गस्त घालतो. अनोळखी माणूस दिसला तर अडवतो. पोलीस पाटील म्हणतात जपून करा. एखादा चोर सापडलाच तर आम्ही त्याला धरू शकतो की नाही?
— साक्री तालुका

उत्तर : भाऊ, तुमचाच तालुका आहे म्हणून स्पष्ट लिहिते. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवर पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजांवर गाव पेटलं होतं. गस्त घालताना ही गोष्ट प्रत्येक पोराला माहीत असली पाहिजे, कारण ती पोरंही गावाच्या काळजीनेच जमली असतील आणि शेवटी पाच घरं उजाड झाली.

आपल्याकडे रात्री रस्त्यावर अनोळखी माणूस असणं यात काहीच नवल नाही. सातपुड्यातून मजुरीला आलेले पावरा, भिल्ल बांधव असतात, मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी असतात, केळीच्या गाड्यांचे ड्रायव्हर असतात, मोटर बघायला निघालेला शेतकरी असतो. विचारायचं असेल तर लांबून, टॉर्च तोंडावर न मारता, "कुठले भाऊ, कुठे निघाले?" इतकंच. उत्तर पटलं नाही तर फोन पोलीस पाटलांना आणि ११२ ला. झडती घ्यायची नाही, आधार कार्ड हिसकायचं नाही, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही.

धरण्याबद्दल विचारलंत. चोरी तुमच्या डोळ्यासमोर होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार साधा माणूसही त्याला पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. खांबाला बांधून मारायचा हक्क कोणालाच नाही. नुसता संशय असेल तर पकडायचाही नाही.

गस्तीत हातात शिट्टी आणि टॉर्च असू द्या, काठी कुत्र्यासापापुरती. दारू प्यालेला पोरगा त्या रात्री गस्तीवर नको, हा नियम पहिल्याच मीटिंगमध्ये करा. आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर विसंबू नका, रात्री दोन वाजता मेसेजने कोणी उठत नाही. ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून सोय आहे, एका फोनवर गावातल्या सगळ्या नोंदलेल्या नंबरांना तुमच्याच आवाजात कॉल जातो, साध्या बटणाच्या मोबाईलवरही. ती तुमच्या गावात चालू आहे का ते पोलीस स्टेशनला विचारा आणि चालू असेल तर मळ्यातल्या लोकांचे नंबर त्यात आहेत का ते तपासा, बऱ्याचदा गावठाणातलेच असतात.

प्रश्न : आमची दोन कुत्री कोणीतरी विष घालून मारली. नवीन आणायची तर ती कशी वाचवायची?
— शिरपूर तालुका

उत्तर : वाईट वाटलं वाचून, मळ्यातलं कुत्रं घरचंच माणूस असतं. नवीन आणाल तर गावठी पिल्लं आणा, जोडीनं, आणि पहिल्या दिवसापासून एकाच ताटलीत, घरच्याच माणसाच्या हातून खायची सवय लावा. पाहुण्यांनी, लेकरांनी अंगणात भाकरीचा तुकडा टाकला आणि त्यानं उचलला की सवय बिघडते. रात्री एक मोकळं सोडलं तरी दुसरं घराच्या आतल्या अंगणात ठेवा, बाहेरच्याला काही झालं तर आतलं भुंकेल. सातपुड्याच्या पायथ्याला असाल तर बिबट्या कुत्र्यासाठीच येतो, मग दोन्ही आत, जाळीच्या मागे. मेंढपाळ त्यांच्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालतात तसाही मिळतो. रेबीजची लस दर वर्षी. आणि त्याला चावायला शिकवू नका, भुंकणं एवढंच त्याचं काम.

कुत्रं नसेल तोपर्यंत टिटवीकडे लक्ष ठेवा. शेतात ती रात्री एकाच जागी खूप वेळ ओरडत राहिली तर माणूस नाहीतर जनावर फिरतंय समजा.

प्रश्न : भिंतीचं कंपाउंड झेपत नाही. स्वस्तात काय? काचा लावू का? कॅमेरा घ्यावा का?
— चोपडा तालुका

उत्तर : काचा नको, आपलीच पोरं पतंगापायी चढतात. जूनच्या पहिल्या पावसाला सागरगोटा, चिलार नाहीतर घायपात असं काटेरी कुंपण दोन ओळींत लावा, दोन-तीन वर्षांत शेळीसुद्धा घुसत नाही. शेर लावू नका, चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. घराच्या जवळची झुडपं मात्र कमरेच्या वर वाढू देऊ नका, लपायला जागा होते, आणि केळीची ओळ भिंतीला लागून असेल तर भिंतीजवळच्या दोन-चार ओळींची जागा मोकळी ठेवा.

कॅमेरा सिमकार्डवर आणि सोलरवर चालणारा घ्या, वायफाय मळ्यात नसतंच. कॅमेऱ्याने चोर थांबेल असं धरू नका, तो नंतर कामाला येतो, म्हणून तोंड दाराकडे ठेवण्यापेक्षा गाडी वळते त्या वाटेकडे ठेवा, नंबर प्लेट आली पाहिजे. रेकॉर्डिंग मोबाईलवर जातं का ते बघून घ्या, नाहीतर चोर कॅमेऱ्यासकट कार्ड घेऊन जातो. चोरी झालीच तर कशाला हात न लावता फोटो काढा. तक्रार आता ऑनलाईनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची, हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवू शकत नाही आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या. मोटरचा, केबलचा, बैलांचा फोटो आणि बिलं आजच मोबाईलमध्ये काढून एखाद्या नातेवाईकाला पाठवून ठेवा.