स्वयंपाकघराची फरशी आणि जानेवारीचा हप्ता

पुण्याहून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. १९३८ साली बांधलेल्या घराचे स्वयंपाकघर त्यांना मूळ धाटणीत परत आणायचे आहे. नव्वदच्या दशकात घातलेल्या पांढऱ्या टाइल एका कोपऱ्यात उचकटल्या, तेव्हा खाली आठ इंची, तांबड्या-करड्या चौकटींची सिमेंटची फरशी निघाली. ठेकेदाराने ९ लाखांचा अंदाज दिला आहे. बँकेतील ठेव मोडावी की सोने तारण ठेवून कर्ज काढावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्या लिहितात की जानेवारीत यजमानांच्या विमा पॉलिसीचा ६ लाखांचा तिसरा हप्ता भरायचा आहे, म्हणून काम त्याआधी उरकावे असे वाटते.

ताई, आधी फरशीचे पाहू, कारण तिचा हिशेब सोपा आहे. आपले स्वयंपाकघर १२० चौरस फुटांचे आहे आणि हाताने घडवलेल्या सिमेंटच्या फरशीचा दर आपल्या अंदाजपत्रकात ३५० रुपये आहे. म्हणजे ४२ हजार, तूटफूट धरून ४६ हजार. जुने काढणे, बसवणी आणि सीलर यांचे ४५ हजार आणि डाडोचे, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइलचे, ३० हजार मिळवले, तरी सारे लादीकाम सव्वा लाखाच्या आत बसते. उरलेले पावणेआठ लाख ‘व्हिंटेज’ दारांची कपाटे, पितळी कड्या, चिमणी आणि छतावरचे दिवे यांचे आहेत, आणि यांतले बहुतेक काही १९३८ च्या पुण्यातल्या साध्या स्वयंपाकघरात नसे.

डाडोसाठी लिहिलेली ‘मिंटन पद्धतीची’ टाइलही काढून टाका. मिंटनची नक्षीदार लादी इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटची, भट्टीत भाजलेली. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती आजही पायाखाली आहे. आपल्याला दाखवलेला नमुना मात्र छापील व्हिट्रिफाइडचा आहे. आपली जुनी फरशी या दोन्हींहून वेगळी आहे. १९२२ साली भारत टाइल्स ही मुंबईची कंपनी स्वदेशीच्या वातावरणात सुरू झाली, ती अशाच फरशीसाठी. पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग साच्यात ओतून, पाठीला सिमेंट-वाळूचा थर देऊन ती दाबयंत्राखाली दाबतात आणि भट्टीत न भाजता पाण्यात मुरवतात. त्यामुळे लिंबू, चिंच आणि आमसुलाचे पाणी तिला खाते. ती जमिनीवरच ठेवा. शेगडीमागे साध्या पांढऱ्या, चकाकीच्या टाइल आणि वर एक बारीक हिरवी पट्टी पुरेशी आहे, आणि ती त्या काळाशी सुसंगतही आहे. जमिनीला साधारण २७० फरश्या लागतील. जुन्यांपैकी ज्या अखंड निघतील त्या मधोमध बसवाव्यात आणि नव्या भिंतीकडेला, म्हणजे रंगातला फरक नजरेत भरणार नाही. कपाटांचा सोस आवरला, तर कडप्प्याचा ओटा आणि नळकाम धरून हे काम साडेतीन लाखांत होते.

आता जे आपण विचारलेले नाही त्याकडे वळतो. यजमानांना निवृत्तीच्या वेळी ५५ लाख मिळाले, बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘ठेवीसारखेच, पण करमुक्त’ असे सांगून वर्षाला ६ लाखांची, १० हप्त्यांची पॉलिसी गळ्यात मारली, दोन हप्त्यांत १२ लाख गेले आणि ४३ लाख उरले. अजून ४८ लाख भरायचे आहेत. उरलेल्या रकमेहून भरायची रक्कम मोठी आहे, ही गोष्ट सही घेताना त्या अधिकाऱ्याला दिसली नसेल, यावर माझा विश्वास नाही. ‘व्याजातून हप्ता निघेल’ हे त्याचे आश्वासनही तपासून पाहा: ७ टक्क्यांनी ४३ लाखांचे व्याज ३ लाख, आणि आपले निवृत्तिवेतन खर्चाला दरमहा १५ हजारांनी कमी पडते म्हणून त्यातले १ लाख ८० हजार घरातच जातात. मुद्दल खात खात आणखी सहा हप्ते भरता येतील आणि सातव्याला ठेव पुरणार नाही. महागाई आणि आजारपण यांत धरलेलेच नाही. स्वयंपाकघरासाठी ९ लाख काढले, तर पाचच हप्ते निघतील.

आणि हे सारे कशासाठी? ६० लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर ९० लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम ४ टक्के परतावा. करमुक्तीही खोटी आहे. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांहून अधिक असेल, तर मुदतपूर्तीच्या नफ्यावर कर लागतो.

जानेवारीचा हप्ता भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सोडली तर हाती काय येईल, आणि हप्ते थांबवून ती तशीच ठेवली तर पंधराव्या वर्षाअखेर काय मिळेल. दोन्ही आकडे निराश करणारे असतील, पण १२ लाखांतले काही बुडेल म्हणून आणखी ४८ लाख त्यांच्यामागे पाठवायचे नसतात. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली आहे. तरीही चुकीची माहिती देऊन विक्री केल्याची तक्रार प्रथम विमा कंपनीकडे करा आणि तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.

उरलेल्या ४३ लाखांपैकी ३० लाख यजमानांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीस साडेएकसष्ट हजार येतील आणि घरखर्चाची तूट भरून काही शिल्लक राहील. बाकी १३ लाखांच्या ठेवीतून साडेतीन लाख स्वयंपाकघराला द्या. सोने कपाटातच राहू दे. मिळकतीत भर न घालणाऱ्या कामासाठी व्याज भरण्याचे आपल्याला काही कारण नाही. चित्रीकरणासाठी स्वयंपाकघर भाड्याने जाईल, ही ठेकेदाराची कल्पना मी हिशेबात धरलेली नाही. त्याला तसा विश्वास असेल, तर मजुरी त्या भाड्यातून घ्यायला त्याला सांगून पाहा.

फरशीची मागणी विमा कंपनीचे उत्तर आल्यावरच नोंदवा. तोवर गवंड्याकडून ओट्याखालचा भाग उचकटून घ्या. तिथल्या जुन्या फरश्या सर्वांत कमी झिजलेल्या असतील, आणि त्या किती निघतात यावर नव्या किती घडवायच्या ते ठरेल.