“मुलगा जगात गेला” असं म्हणणाऱ्या आईवडिलांना

मी ख्रिस्ती कुटुंबांचं समुपदेशन करते. नाताळ उरकला, नवं वर्ष लागलं की एक वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. “ताई, मुलगा जगात गेला.” म्हणजे विश्वासाची वाट सोडून जगाच्या चालीनं वागू लागला. कधी मुलगी असते, कधी सून. एकतीस डिसेंबरच्या वॉचनाइटला, वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेला, सगळं घर चर्चमध्ये गुडघ्यांवर असतं आणि पोरगा मुंढव्याच्या नाहीतर कोरेगाव पार्कच्या कुठल्याशा पबमध्ये. आई रडते, वडील गप्प होतात, आणि थोड्या वेळानं दोघांपैकी कुणीतरी विचारतं, “मग आपल्यात आणि जगातल्या लोकांत फरक तो काय राहिला?”

हा प्रश्न मी कधी हलक्यात घेत नाही. फरक असायलाच हवा. प्रभूच्या मागे चालणारा आणि न चालणारा यांचं जगणं सारखंच दिसत असेल तर बाप्तिस्म्याला अर्थ उरत नाही. पण तो फरक कुठं शोधायचा, हे मला एका घरानं फार स्पष्ट दाखवलं. त्या घराचे तपशील मी बदलले आहेत, आणि घरातल्या सगळ्यांनी हे वाचून होकार दिला आहे.

वडील निवृत्त शिक्षक. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, त्यांना सगळे ‘सर’च म्हणतात. वर्षानुवर्षं पंच, म्हणजे चर्चच्या कारभारातले पदाधिकारी, क्वायरमध्ये बेस गाणारे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, वेळी पाळकसाहेबांच्या शेजारी उभे राहणारे. दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमासुद्धा क्वचित. मुलगा खराडीच्या आयटी कंपनीत, मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सर पहिल्यांदा आले तेव्हा एका कागदावर मुद्दे लिहून आले होते: पिणं, हातावरचा टॅटू, रविवारी झोपून राहणं, एक मुलगी.

मी कागद वाचला आणि विचारलं, “सर, तो सुधारला तर तुम्हाला कसा दिसेल?”

“उपासनेला येईल. पिणार नाही. वेळेवर घरी येईल.”

“आणि मनानं?”

“मनाचं काय, ताई? वागणं सुधारलं की मन येतंच मागनं.”

माझी या कामातली सगळी धारणा याच्या उलट आहे. मी वागण्याशी झटापट करत बसत नाही. त्या घरात काय झाकून ठेवलं आहे ते शोधते. जिथं काही झाकलेलं असतं तिथंच वागणं बिघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा झाकणारा एक असतो, बिघडलेला दुसराच.

मुलाला मी एकट्याला बोलावलं. तो अपेक्षेपेक्षा लवकर आला. पप्पा रोज सकाळी सहा वाजता व्हॉट्सअॅपवर बायबलचं वचन पाठवतात, आणि ते नेमकं दारूबद्दलचं किंवा आईवडिलांचा मान राखण्याबद्दलचं असतं, हे त्यानं आधी सांगून टाकलं. मग म्हणाला, “मला देवाचा प्रॉब्लेम नाही. मला घरातल्या प्रार्थनेचा आहे.”

“म्हणजे?”

“पप्पा रोज रात्री कुटुंबप्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतात. नाशिकचे काका, मिरजेची मावशी, शेजारची आजी. आत्याचं नाव घेत नाहीत. आजी गेल्यापासून एकदाही नाही.”

त्यावर मी काहीच बोलले नाही. वाक्य इतकं नेमकं होतं की त्याला हात लावू नये असं वाटलं.

मग हळूहळू गोष्ट उलगडली. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांनी त्या काळी वडगाव शेरीला प्लॉट घेऊन बैठं घर बांधलं. मृत्युपत्र केलं नाही. आजीही गेल्यावर सरांनी बहिणीला श्रीरामपूरहून बोलावून घेतलं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्रावर, म्हणजे घरातला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, तिची सही घेतली. पुढं बिल्डर आला, इमारत उभी राहिली, सरांच्या वाट्याला फ्लॅट आले. आत्याच्या वाट्याला माहेरची साडी.

इथं एक गोष्ट सांगते, कारण आपल्या पुष्कळ घरांना ती माहीत नसते, किंवा माहीत करून घ्यायची नसते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवा असेल तर तिला १/३, आणि उरलेलं २/३ मुलांमध्ये सारखं. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेदच नाही. आईवडील दोघेही गेल्यावर भावाला आणि बहिणीला निम्मं-निम्मं. हक्कसोड राजीखुशीनं, समजून-उमजून दिली तर प्रश्नच नाही. पण “नुसता कागद आहे गं” असं म्हणून घेतलेली सही कायद्यानं टिकली तरी प्रभूसमोर टिकत नाही.

मुलालाही मी सोडलं नाही. तो म्हणाला होता, “माझे मित्र पितात, पण निदान ढोंग करत नाहीत.” मी विचारलं, “तुझा पगार किती आणि हातात किती उरतो, हे मम्मीला माहीत आहे?” त्याचा चेहरा उतरला. क्रेडिट कार्डाची थकबाकी, ती भागवायला घेतलेलं पर्सनल लोन, आणि दोनदा मम्मीकडून ‘मित्राच्या ऑपरेशनला’ म्हणून नेलेले पैसे. बापानं कागद झाकला होता, मुलानं स्टेटमेंट झाकलं होतं. एक चर्चमध्ये बसून, एक पबमध्ये बसून. मला त्या दोघांत जगिक कोण हे ठरवता आलं नसतं.

तिघांना मी एकत्र बसवलं. सरांच्या हातात बायबल दिलं आणि गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय मोठ्यानं वाचायला सांगितला, देहाची कर्मं सांगितली आहेत तो भाग. सरांनी शिक्षकी आवाजात वाचलं. सुरुवातीचे शब्द ठासून, मधले भराभर, आणि शेवटी ‘दारूबाजी, रंगेलपणा’ यावर मुलाकडे नजर टाकून थांबले.

मी म्हटलं, “सर, मधले शब्द पुन्हा वाचा. सावकाश.”

“वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा.”

त्या यादीतला सर्वांत मोठा गठ्ठा हाच आहे. या आठांपैकी एकालाही बाटली लागत नाही. घरात बसून, पांढरा सदरा घालून, प्रार्थना करता करता ही आठही पापं करता येतात. हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं ती दारूबाजीच्या शेजारीच मांडली आहेत.

मुलानं विचारलं, “पप्पा, आत्याचं नाव प्रार्थनेत का नसतं?”

सर म्हणाले, “तिनं स्वखुशीनं सही केली.”

आणि आतापर्यंत एक शब्दही न बोललेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मी होते तिथं. वन्संना कागद वाचायला दिला नव्हता.”

सर उठून निघून गेले. पत्नी घाबरल्या, मुलगा म्हणाला, “बघितलंत?” मी दोघांना एवढंच सांगितलं की आता घरी कुणी हा विषय काढायचा नाही. टोचणी लागली आहे, ती पवित्र आत्म्याला करू द्या. आपण बोलून बोलून तिची धार घालवतो.

बरेच दिवस सरांचा फोन नाही. मग एका सोमवारी ते न सांगता आले. बसले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “ताई, काल प्रभुभोजन घेता आलं नाही.” पंच म्हणून ते वेदीपाशी उभे होते. प्याला त्यांच्यापर्यंत आला आणि त्यांनी तो तसाच पुढं जाऊ दिला. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही. त्यांना मत्तयाचा पाचवा अध्याय आठवत होता, जो ते स्वतः संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेत आले होते: दान घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

“मला नेहमी वाटायचं, ताई, की माझ्या मनात कुणाविरुद्ध काही नाही. पण तिथं माझ्या मनाचं लिहिलेलंच नाही. तिच्या मनाचं लिहिलंय.”

इतक्या वर्षांत माझ्या खोलीत पुष्कळ अश्रू पाहिले, पण या वाक्याइतकं मोलाचं मी फार थोडं ऐकलं आहे. ते मी त्यांना सुचवलं नव्हतं. मी फक्त वाट मोकळी ठेवली होती, आणि समुपदेशकाचं कसब मला तरी यातच वाटतं. पाळकांच्या आणि तरुण कार्यकर्त्यांच्या वर्गात मी हे आवर्जून सांगते: उपदेशानं माणूस गप्प होतो, पापाची जाणीव त्याला बोलकं करते.

मग त्यांनी विचारलं, “क्षमा मागितली की पुरे ना?”

मी त्यांना बायबलमधली जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट काढायला सांगितली, लूक एकोणीस. प्रभू त्याच्या घरी उतरायला गेला, त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, हिशेब मागितला नाही. जक्कय आपण होऊन उभा राहिला: अर्धं धन गरिबांना, आणि अन्यायानं घेतलं असेल त्याचं चौपट परत. तारण या घराला आलं हे प्रभू त्यानंतर म्हणतो. परतफेड करून तारण विकत घेता येत नाही, हे सर मला शिकवतील इतकं त्यांना पाठ होतं. पण आलेलं तारण पैशाच्या पाकिटापर्यंत पोचत नसेल तर ते कुठं अडलंय ते पाहायला हवं.

सर श्रीरामपूरला गेले. बहिणीनं गळ्यात पडून माफ केलं वगैरे झालं नाही. तिनं आधी विचारलं, “आईच्या पहिल्या वर्षाच्या प्रार्थनेला मला का बोलावलं नाहीस?” पैशाचं नंतर. त्याचं उत्तर देण्यातच पहिली भेट संपली. पुढं वकिलाकडून रीतसर बक्षीसपत्र झालं, एक फ्लॅट तिच्या नावावर नोंदला गेला. सरांनी पंचपद स्वतःहून सोडलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

आपण फरक शोधतो तो तोंडात काय गेलं, पाय कुठं गेले यात. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडच्या एक कप चहावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं. आपण ती गोष्ट सांगताना त्या काळच्या लोकांना नावं ठेवतो, आणि घरी येऊन पोराच्या तोंडाचा वास घेतो. प्रभूनं मार्काच्या सातव्या अध्यायात सांगितलं आहे की बाहेरून आत जाणारं माणसाला भ्रष्ट करत नाही, आतून बाहेर येणारं करतं. आतून येणाऱ्यांच्या त्या यादीत चोरी आहे, लोभ आहे, कपट आहे, आणि तिथंच जारकर्मही आहे.

म्हणून कुणी असं समजू नये की मी दारूला आणि रात्रीच्या भटकण्याला सूट देते आहे. नशा पाप आहे. लग्नाबाहेरचा संग पाप आहे, मग तो कितीही प्रेमाचा असो. मी तरुणांना हे तोंडावर सांगते आणि ते ऐकून घेतात, कारण त्याच दमात मी हक्कसोडीबद्दल, मोलकरणीच्या थकवलेल्या पगाराबद्दल आणि सुनेला दिलेल्या टोमण्यांबद्दलही सांगते. पाप निवडून निवडून मोजणाऱ्याचं मुलं ऐकत नाहीत.

“ऑफिसच्या पार्टीला जाऊ द्यावं का?” हा दुसरा नेहमीचा प्रश्न. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू पित्याजवळ मागतो ते नीट वाचा. यांना जगातून काढून घे असं तो मागत नाही. वाइटापासून राख असं मागतो. तो स्वतः जकातदारांच्या पंक्तीला बसला. जायचं असेल तर खुशाल जावं, फक्त कुठं गेलो, काय केलं, किती खर्च झाला हे घरी सांगता येईल असं जावं. सांगता येत नाही असं जे काही आहे, तिथं थांबावं. माझ्या अनुभवात तरुणांना ही कसोटी शंभर नियमांपेक्षा जास्त उपयोगी पडते. योहान आपल्या पहिल्या पत्रात प्रकाशात चालण्याबद्दल सांगतो, तेच हे.

पिणं हातातून सुटलं असेल, म्हणजे ठरवूनही थांबता येत नसेल, सकाळी हात थरथरत असतील, तर नुसत्या उपास-प्रार्थनेवर विसंबू नका. प्रार्थना करा आणि उपचारही घ्या. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या बैठकाही शहरात होतात. त्यांच्या बारा पायऱ्यांतली आठवी आणि नववी काय सांगते पाहा: ज्यांना दुखावलं त्यांची यादी करा, आणि शक्य तिथं भरपाई करा. जक्कयाची गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला हे परकं वाटणार नाही.

आईवडिलांनी घरी एक करावं. सकाळची वचनं पाठवणं थांबवावं, आणि रात्रीच्या प्रार्थनेत मुलांसमोर स्वतःची एखादी चूक नाव घेऊन कबूल करावी. “आज मी भाजीवाल्याशी खोटं बोललो,” इतकी साधी चालेल. आठवड्यातून एकदा पुरे. मुलांना सुनवण्यासाठी केलेली कबुली मात्र त्यांना लगेच ओळखू येते, तशी करू नये.

लोक मला विचारतात, मग तो मुलगा आला का चर्चला? काही रविवारी येतो, काही रविवारी नाही. पिणं जवळजवळ बंद आहे. मुलीबद्दल त्यानं घरी स्वतः सांगितलं आहे आणि लग्नाचं बोलणं सुरू आहे. कर्जाची सगळी कागदपत्रं त्यानं मम्मीसमोर ठेवली. सरांना ते एकरकमी फेडून टाकायचं होतं. मी नको म्हटलं. हप्ते अजून दोन वर्षं आहेत आणि ते तो स्वतःच्या पगारातून भरतो आहे.